एमडी मेडिसिननंतर एंडोक्रायनॉलॉजी : तीन वर्षांचे डीएम करावे, की एका वर्षाची फेलोशिप?

निपाणीचा फिजिशियन (प्रश्न)

सर्व वरिष्ठ डॉक्टरांना नमस्कार. मी एमडी जनरल मेडिसिन असून निपाणीत वडिलांच्या जुन्या दवाखान्यात बसतो आणि आठवड्यातले काही दिवस बेळगावातील एका खाजगी रुग्णालयात काम करतो. घरी बसून विड्या वळणाऱ्या बायका, तंबाखू आणि उसाचे शेतकरी, चिकोडी-संकेश्वरकडून येणारे छोटे व्यापारी असे माझे रुग्ण आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह, थायरॉईड किंवा दोन्ही असते. हे रुग्ण मी बऱ्यापैकी सांभाळतो असे मला वाटते. परंतु अधूनमधून असे रुग्ण येतात की तिथे जनरल मेडिसिनचे शिक्षण अपुरे पडते. अलीकडेच खानापूर तालुक्यातील एका मध्यमवयीन बाईंना रक्तातील सोडियम फार उतरल्यामुळे दाखल करावे लागले. शेवटच्या बाळंतपणात फार रक्त गेले होते, त्यानंतर बाळाला दूध आले नाही आणि पाळीही पुन्हा आली नाही, ही हकीकत त्यांनी विचारल्यावर सांगितली. तोवर अनेक वर्षे त्यांना अशक्तपणाच्या सलाइनवरच ठेवले गेले होते. शीहान सिंड्रोमचा (प्रसूतीतील रक्तस्रावामुळे पिट्युटरी ग्रंथी निकामी होण्याचा) संशय मला आला, परंतु पुढच्या चाचण्या कोणत्या क्रमाने करायच्या याची खात्री नसल्यामुळे त्यांना पुण्याला पाठवणे भाग पडले.

तेव्हापासून एंडोक्रायनॉलॉजीचे, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) आजारांचे, रीतसर प्रशिक्षण घ्यावे असे मनात आहे. घरची जबाबदारी आहे, रुग्णालयाच्या उपकरणांचे हप्ते चालू आहेत, आणि तीन वर्षे घर सोडून पुन्हा निवासी डॉक्टर होणे सोपे नाही. म्हणून विचारतो : डीएम किंवा डीआरएनबी हे एमडीनंतरचे सुपरस्पेशालिटी प्रशिक्षणच करावे, की मधुमेहाची एक वर्षाची फेलोशिप आपल्या भागासाठी पुरेशी आहे? कर्नाटकात राहणाऱ्या माझ्यासारख्याला महाराष्ट्रातील जागांसाठी अधिवासाची अडचण येते का? आणि इतके शिकून बेळगाव-निपाणीत परतल्यावर त्या शिक्षणाचा उपयोग करण्याइतकी सोय येथे आहे का?

अंतःस्रावी, बेळगाव

डॉक्टर, नमस्कार. मी डीएम करून बेळगावात काम करतो. आधी आपल्या रुग्ण बाईंविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यांच्या आजारातच आहे.

गरोदरपणात मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी, जी इतर ग्रंथींना चालवते, आकाराने वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून प्रसूतीच्या वेळी मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला की या ग्रंथीचा भाग मरू शकतो. पुढे वर्षानुवर्षे संप्रेरके हळूहळू कमी होत जातात. अशा रुग्णाचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे पिट्युटरीचे संप्रेरक) बहुधा नॉर्मल किंवा किंचित बदललेला येतो, त्यामुळे केवळ टीएसएच पाहणारा डॉक्टर थायरॉईड ठीक आहे असे सांगतो. सोबत फ्री टी-४ (थायरॉईडचे स्वतःचे संप्रेरक) केले तरच ते खाली गेलेले दिसते. ते पाहून कोणी लगेच थायरॉक्सिन सुरू केले, तर शरीरात उरलेसुरले कॉर्टिसॉलही (ॲड्रिनल ग्रंथीचे जीवनावश्यक संप्रेरक) अधिक वेगाने खर्ची पडते आणि रुग्ण ॲड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉलअभावी येणाऱ्या जीवघेण्या अवस्थेत, जाऊ शकतो. म्हणून कॉर्टिसॉलसाठी रक्त घ्यावे, रिपोर्टची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन द्यावे आणि थायरॉक्सिनला त्यानंतर हात लावावा.

इतके आपल्याला पुस्तकातही मिळेल. पुस्तक वाचून जे अंगवळणी पडत नाही, ते म्हणजे चाचणी करणे. एसीटीएचचे (ॲड्रिनलला चालना देणाऱ्या पिट्युटरीच्या संप्रेरकाचे) रक्त ईडीटीएच्या थंड नळीत घ्यावे लागते, बर्फावर ठेवावे लागते आणि लवकरात लवकर थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो. आपल्याकडे असे नमुने पुष्कळदा संध्याकाळच्या पार्सलने बेंगळुरू किंवा मुंबईला जातात. कलेक्शन करणाऱ्या मुलाने ती नळी दुपारभर टेबलावरच्या स्टँडमध्ये राहू दिली, तर एसीटीएच खोटेच कमी येते आणि ज्या रुग्णाची ॲड्रिनल ग्रंथी क्षयरोगाने गेलेली आहे त्याच्यावर पिट्युटरीच्या आजाराचा शिक्का बसतो. याउलट रेनिनची (रक्तदाबाशी संबंधित विकराची) नळी बर्फावर ठेवली तर थंडीमुळे निष्क्रिय रेनिन सक्रिय होऊन आकडा खोटाच वाढतो, म्हणून ती खोलीच्या तापमानाला ठेवावी लागते. एकाच रुग्णाच्या एकाच सकाळी घेतलेल्या दोन नळ्यांना दोन वेगळे नियम लागतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचा टीएसएच काही पद्धतींत खोटा कमी आणि टी-४ खोटे जास्त येते, आणि तिला नसलेल्या ग्रेव्हज आजारावर (थायरॉईड जास्त चालण्यावर) औषध सुरू होते. तीन वर्षांत अशा शंभर बारकाव्यांशी रोज गाठ पडते, आणि कोणत्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यातूनच कळू लागते.

ग्रंथीला चालना देऊन किंवा दाबून तिचा प्रतिसाद पाहणाऱ्या डायनॅमिक चाचण्यांचेही तसेच आहे. रात्री अकराला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन देऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी; शरीरात कॉर्टिसॉल जास्त तयार होते का हे तिने कळते. त्या वेळी कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली यायला हवे. पण रुग्ण फिट्सची काही औषधे घेत असेल तर डेक्सामेथासोन यकृतात लवकर नष्ट होते आणि चाचणी उगाच सकारात्मक येते. इन्सुलिन टॉलरन्स टेस्टमध्ये आपण रुग्णाची साखर मुद्दाम ४० मिलिग्रॅमच्या खाली आणतो. तेव्हा खाटेशेजारी डॉक्टर बसून राहतो आणि ग्लुकोजची सिरिंज भरून ठेवलेली असते. हृदयविकार किंवा फिट्स असलेल्या रुग्णात ही चाचणी करायची नसते. वॉटर डिप्रायव्हेशनमध्ये (पाणी बंद ठेवून करायच्या चाचणीत) रुग्णाचे वजन, लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि सोडियम तासातासाला पाहावे लागते. सिनॅक्थेन (चाचणीसाठीचे कृत्रिम एसीटीएच) सहज मिळत नसल्यामुळे अनेक केंद्रांत दीर्घकाळ काम करणारे एसीटीएच स्नायूत टोचून चाचणी केली जाते आणि तिचे वेळापत्रक वेगळे असते. हे सारे कोणाच्या तरी नजरेखाली, स्वतःच्या हाताने, पुन्हा पुन्हा केल्याशिवाय येत नाही.

आता थेट उत्तर देतो. आपल्याला मधुमेह अधिक चांगला सांभाळायचा असेल तर एका वर्षाची फेलोशिप उपयोगी आहे. पिट्युटरी, ॲड्रिनल, कॅल्शियम, लैंगिक विकासाचे विकार आणि थायरॉईडचा कर्करोग पाहायचे असतील, तर एमडीनंतरचे तीन वर्षांचे डीएम किंवा डीआरएनबी यांना पर्याय नाही. फेलोशिप करून पाटीवर एंडोक्रायनॉलॉजिस्ट असे लिहिणे मला मुळीच पटत नाही. ते रुग्णाच्या विश्वासाशी प्रामाणिक राहणे नव्हे. आपल्या भागाची गरज मात्र मी डोळ्यांनी पाहतो. गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारात मिळणाऱ्या पुड्या खाऊन चेहरा गोल झालेले, कातडी कागदासारखी पातळ झालेले रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. त्या पुड्यांत स्टेरॉईड असते. पुडी अचानक बंद केली की हेच रुग्ण उलट्या, खालावलेला रक्तदाब आणि कमी साखर घेऊन इमर्जन्सीत येतात, आणि तिथे गॅस्ट्रोचे निदान होते. हा आजार ओळखणारा डॉक्टर निपाणीतच असेल, तर कितीतरी माणसे वाचतील.

मधुमेह फेलो, चिकोडी

वरील सरांविषयी मला आदर आहे आणि पाटीबाबतचे त्यांचे म्हणणे मान्य आहे. तरीही फेलोशिपकडे केवळ दुय्यम पर्याय म्हणून पाहू नये, एवढे नम्रपणे सांगावेसे वाटते. मी एमडीनंतर दक्षिणेतील एका मधुमेह केंद्रात एक वर्ष पूर्णवेळ फेलोशिप केली. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार देशातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के असून पूर्वमधुमेह असलेले आणखी १५.३ टक्के आहेत. आणि सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के, प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात आढळले. इतक्या रुग्णांना डीएम झालेले डॉक्टर कधीही पुरे पडणार नाहीत. त्यांचा भार तालुक्यातला फिजिशियनच उचलणार आहे.

त्या वर्षात मी काय शिकलो ते सांगतो. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने पायाची संवेदना तपासणे, पायाच्या जखमेचा मेलेला भाग वेळेवर काढणे, डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो वाचणे, गरोदरपणातील मधुमेहात इन्सुलिनचे डोस दर आठवड्याला बदलणे, सततच्या ग्लुकोज मापनाचा आलेख वाचणे, आणि रुग्णाला इन्सुलिन टोचायला शिकवणे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. माझ्याकडे आलेल्या एका शेतकरी गृहस्थांची साखर इन्सुलिन कितीही वाढवले तरी उतरत नव्हती. शर्ट वर करायला सांगितल्यावर बेंबीच्या उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ हाताला लागली, कारण ते रोज त्याच एका जागी टोचत होते. जागा बदलायला शिकवताच डोस कमी करावा लागला. हे कळण्यासाठी डीएम लागत नाही, पण शिकवणारे कोणी तरी लागते.

मात्र फेलोशिप निवडताना एक काळजी घ्यावी. काही अभ्यासक्रम विद्यापीठाच्या मान्यतेने पूर्णवेळ रुग्णालयात चालतात, तर काही महिन्यातून एका रविवारचे वर्ग असतात. पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि डॉ. मोहन्स यांचा पुराव्याधारित मधुमेह व्यवस्थापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम या दुसऱ्या प्रकारातला आहे. तो २०१० पासून चालू आहे आणि व्यवसाय न सोडता करता येतो. ज्ञान अद्ययावत करण्यासाठी तो चांगला आहे, परंतु निवासी प्रशिक्षणाची जागा तो घेत नाही आणि तसा दावाही करत नाही.

डीआरएनबी प्रशिक्षणार्थी, पुणे (मूळ खानापूर)

अधिवासाच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण अर्ज भरताना माझ्याही घरी हीच चिंता होती. एमबीबीएस आणि एमडीच्या वेळी राज्याच्या कोट्यामुळे सीमाभागातील मुलांची जी ओढाताण होते, ती येथे सहसा होत नाही. सुपरस्पेशालिटीच्या जागा नीट-एसएस या प्रवेशपरीक्षेच्या देशपातळीवरील गुणवत्तेनुसार भरल्या जातात आणि समुपदेशन केंद्रीय समितीकडून होते. त्यामुळे बेळगावचा डॉक्टर मुंबईच्या केईएमची किंवा बेंगळुरूच्या सेंट जॉन्सची जागा एकाच यादीत मागू शकतो. काही राज्यांत सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी वेगळ्या जागा राखून ठेवलेल्या असतात, पण आपण खाजगी सेवेत असल्यामुळे तो विषय आपल्याला लागू नाही. एम्स, चंडीगडची पीजीआय आणि पुदुच्चेरीची जिपमेर यांची प्रवेशपरीक्षा वेगळी असते, तिचा अर्ज वेगळा भरावा लागतो.

नीट-एसएसला जनरल मेडिसिनमधून येणाऱ्यांचा पेपर सामाईक असतो. त्याच गुणांवर कार्डिओलॉजी, न्यूरोलॉजी, नेफ्रोलॉजी किंवा एंडोक्रायनॉलॉजी मागता येते. म्हणजे केवळ हार्मोन्सचे प्रकरण पाठ करून चालत नाही, सगळे मेडिसिन पुन्हा वाचावे लागते. प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरला हेच सर्वांत जड जाते. मी पहाटेची वेळ अभ्यासाला ठेवली होती आणि संध्याकाळची ओपीडी कमी केली होती.

पसंतीक्रम भरण्यापूर्वी प्रत्येक संस्थेचे बंधपत्र वाचून घ्यावे. बऱ्याच सरकारी महाविद्यालयांत प्रशिक्षणानंतर त्या राज्यात सेवा द्यावी लागते, ती टाळल्यास मोठी रक्कम भरावी लागते, आणि राज्याराज्यांत अटी वेगळ्या आहेत. आपल्याला निपाणीत परतायचे असल्यामुळे हे आधीच माहीत असणे आवश्यक आहे. डीआरएनबी खाजगी रुग्णालयांतही असते आणि दर्जा पदवीवरून कळत नाही. माझ्या रुग्णालयात न्यूरोसर्जरी विभाग पिट्युटरीच्या शस्त्रक्रिया नियमित करतो आणि न्यूक्लिअर मेडिसिन त्याच इमारतीत आहे, त्यामुळे रेडिओआयोडीन (थायरॉईडच्या उपचाराचे किरणोत्सारी आयोडीन) मिळालेला रुग्ण आधी आणि नंतर मी स्वतः पाहतो. असे विभाग नसलेल्या ठिकाणी तीन वर्षे बहुतांश मधुमेह आणि हायपोथायरॉईड पाहण्यातच जातात. म्हणून तेथे सध्या शिकत असलेल्या निवासी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जागा घेऊ नये. प्रबंधाचा विषयही पहिल्या काही महिन्यांत ठरवावा लागतो. आपल्याकडील रुग्णांचा अनुभव तेव्हा फार कामाला येतो.

बालरोगतज्ज्ञ, खानापूर

चर्चा प्रौढांभोवती चालली आहे म्हणून मुलांची बाजू मांडते. डीएमला बालरोग एमडीही पात्र असतात आणि बालरोगतज्ज्ञांसाठी बाल-एंडोक्रायनॉलॉजीच्या स्वतंत्र फेलोशिपही आहेत. परंतु आमच्यासारख्या तालुक्यात असे तज्ज्ञ कधी येतील हे सांगता येत नाही. तोवर प्रौढांचा एंडोक्रायनॉलॉजिस्ट हाच आमचा आधार असतो, म्हणून आपण जिथे कुठे शिकाल तिथे मुलांच्या ओपीडीत पुरेसा काळ काढावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वजन घटलेले, उलट्या करणारे आणि सुकलेले बाळ येते, त्याचे सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते. मुलगा असेल तर बाह्य अवयव नॉर्मल दिसतात, त्यामुळे जन्मजात ॲड्रिनल हायपरप्लेसियाची (ॲड्रिनल ग्रंथीच्या जन्मदोषाची) शंकाच येत नाही. सलाइन देऊन बाळ तात्पुरते सुधारते आणि घरी गेल्यावर दगावते. हायड्रोकॉर्टिसोनचे एक इंजेक्शन त्या बाळाचे आयुष्य ठरवते. जन्मजात हायपोथायरॉईडचेही तसेच आहे : पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिन सुरू झाले तर मूल इतर मुलांसारखे शाळेत जाते, उशीर झाला तर बुद्धीची झालेली हानी भरून येत नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन होणारी ही तपासणी आपल्याकडील सर्व प्रसूतिगृहांत होत नाही, आणि ती व्हावी म्हणून आग्रह धरणारा तज्ज्ञ आपल्या जिल्ह्यात हवा आहे.

टाइप १ मधुमेहाच्या मुलांचे आईवडील तर कधी कोल्हापूर-मिरजेला, कधी गोव्यात बांबोळीला, कधी हुबळीला जातात. तिन्हीकडे इन्सुलिनचे वेगळे वेळापत्रक मिळते आणि शेवटी आई स्वतःच्या अंदाजाने डोस देते. त्या आईला मराठीत किंवा कन्नडमध्ये, तिच्या घरातल्या भाकरीचा आणि भाताचा हिशेब करून समजावणारा कोणी जवळ असेल, तर केटोॲसिडोसिसने (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठून) दाखल होणारी मुले नक्कीच कमी होतील.

निपाणीचा फिजिशियन

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे वाचून माझा कल तीन वर्षांच्या प्रशिक्षणाकडे झाला आहे. एक शंका राहते. माझा एक वर्गमित्र इंग्लंडमध्ये असून एंडोक्रायनॉलॉजी आणि मधुमेह या विषयाची स्पेशालिटी सर्टिफिकेट परीक्षा येथे राहूनही देता येईल आणि तेवढ्याने काम भागेल असे तो म्हणतो. दुसरे एक परिचित अमेरिकेतील फेलोशिप सुचवतात. या मार्गांचा विचार करावा का? शिवाय नीट-एसएसचा निकाल लागेपर्यंत मी काय करावे?

अंतःस्रावी, बेळगाव

इंग्लंडची ती परीक्षा दोन पेपर आणि २०० प्रश्नांची असते, तिचा दर्जा उत्तम आहे आणि तिच्या निमित्ताने वाचन चांगले होते. पण ती परीक्षा आहे, प्रशिक्षण नाही. केवळ तिच्या जोरावर आपल्याकडे सुपरस्पेशालिस्ट म्हणून नोंद होत नाही. मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह या परदेशी डॉक्टरांच्या प्रशिक्षण योजनेतून तिकडे जास्तीत जास्त दोन वर्षे काम करता येते. ते करून आलेले डॉक्टर चांगले तयार झालेले मी पाहिले आहेत, पण आपले मुख्य प्रशिक्षण त्यावर अवलंबून ठेवू नये. अमेरिकेत एंडोक्रायनॉलॉजी, मधुमेह आणि चयापचय यांची फेलोशिप दोन वर्षांची आहे; मात्र त्याआधी तेथील परवाना परीक्षा आणि इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षांची रेसिडेन्सी करावी लागते. येथे एमडी झालेल्या आणि निपाणीत परतायचे ठरवलेल्या माणसाने पाच वर्षांचा तो वळसा घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

परतल्यावर सोय आहे का, हा आपला सुरुवातीच्या पत्रातला प्रश्न अनुत्तरित राहिला. बेळगावात जेएनएमसी आणि बिम्स अशी दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत, सीटी आणि एमआरआय आहेत, त्यामुळे निदानाचा मोठा भाग येथेच पूर्ण होतो. कमतरता आहे ती नमुने नीट हाताळण्याची आणि चाचणी करून घेणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेची. थंड सेंट्रिफ्यूज, उणे वीस अंशांचा फ्रीझर आणि नियम पाळणारी एक परिचारिका एवढे असले, तर तालुक्याच्या गावातही बहुतेक चाचण्या सुरक्षितपणे होतात. फक्त इन्सुलिन टॉलरन्स टेस्ट मोठ्या रुग्णालयातच करावी. पिट्युटरीची शस्त्रक्रिया आणि पेट्रोसल सायनसमधून (पिट्युटरीजवळच्या शिरेतून) रक्त घेण्यासारख्या गोष्टींसाठी मात्र मोठ्या केंद्राकडे पाठवावेच लागते आणि त्यात कमीपणा नाही.

निकाल लागेपर्यंत आपण आठवड्यातून एक सकाळ माझ्या ओपीडीत येऊन बसावे. वडिलांना त्या दिवशी दवाखाना सांभाळता येईल असा दिवस मला कळवावा, म्हणजे डायनॅमिक चाचण्यांचे रुग्ण मी त्याच दिवशी बोलावून घेईन. पहिला नमुना बरोबर आठला घेतला जातो, म्हणून निपाणीहून निघताना तेवढी वेळ धरावी, आणि सुरुवातीच्या काही वेळा नळ्यांवर लेबल लावण्यापासून बर्फात ठेवण्यापर्यंत सर्व काम आपण स्वतः करावे.